नरकासुराच्या सांगाड्याचं काय करू?

प्रश्न: ताई, आम्ही गोव्यात पेडण्याकडच्या एका वाड्यावरची पोरं. दिवाळीला नरकासुराचा पुतळा दरवर्षी दणक्यात करतो पण जाळून झाला की लोखंडी सांगाडा रस्त्याकडेला गंजत पडतो आणि लोक शिव्या घालतात. यंदा त्याच सांगाड्यावर मासेमारीची फाटकी जाळी, नारळाची सोडणं (वरची साल), करट्या (करवंट्या) असं लावून सगळ्या वाड्याने मिळून कायतरी उभं करायचं, शिगम्यापर्यंत (होळीच्या सणापर्यंत) ठेवायचं असं डोक्यात आहे. पण डिझाईनवरच गाडी अडलीय, आणि बायका म्हणतात आम्हाला आर्टबिर्ट जमत नाही.

उत्तर: अबोलीचे वळेसर (गजरे) केळीच्या दोऱ्यात गुंफणाऱ्या बायकांना आर्ट जमत नाही होय! त्यांना आर्ट म्हणून बोलावूच नका, "चुडतं (माडाच्या झावळ्या) विणायची आहेत, या" एवढंच सांगा, मग बघा कोण कोणाला शिकवतं ते.

डिझाईन राहू दे बाजूला. आधी सामान गोळा करा, अंगणात पसरा आणि मग बघा ते काय मागतंय. चवथीला गणपतीच्या डोक्यावर फळाफुलांनी सजवून टांगतात त्या माटोळीचंही तसंच ना, रानात कांगलां, घागऱ्या, कवंडळं अशी रानफळं काय मिळतील त्यावर ती ठरते, कागदावर कोणी काढत नाही, आणि तरी फोंड्याकडे फळाबियांतून अख्खं चित्र उभं करणारे लोक आहेत. पोरांना एकदा पिळर्णच्या म्युझियम ऑफ गोवाला घेऊन जा, तिथे कलाकार सुबोध केरकरांनी शिंपल्यांचं, जुन्या होड्यांचं काय काय केलंय ते बघून डोकं मोकळं होतं (नक्कल मात्र नको हां).

आता महत्त्वाचं. काहीही चिकटवू नका, बांधा. हॉट ग्लू आपल्या उन्हात मऊ पडतो, आणि एकदा नायलॉन, सोडण, लोखंड एकात एक चिकटलं की शेवटी ते ना भंगारवाला घेतो ना ते माडाच्या मुळात टाकता येतं, म्हणजे कचऱ्यातून कला करून परत कचराच. माटोळी केवणीच्या (रानातल्या एका झुडपाच्या सालीच्या) दोराने बांधतात, तुम्हाला केवण मिळाली तर उत्तमच, नाहीतर बाजारातला सुंभ घ्या. ओला करून आवळून बांधायचा. करटीला ड्रिलने दोन भोकं पाडा, सुंभ ओवा, झालं. काढताना सुंभ कापला की सगळं वेगळं.

जाळी मच्छीमारांकडून मागून घ्या, गोड्या पाण्यात दोनतीनदा धुवा नाहीतर वासाने वाड्यावर कोणी फिरकणार नाही. पण तुकडे करू नका, अख्खीच ताणा. नायलॉन उन्हात ठिसूळ होतं, बारीक धागे सुटून शेतात, व्हाळात (ओढ्यात) जातात, त्यामुळे शिगमो झाला की लगेच उतरवायची. सांगाड्याचा गंज वायर ब्रशने काढा, जळलेल्या जोडाला वेल्डिंग करून घ्या, मुलं त्यावर चढणारच. सोडणं जमिनीला टेकवू नका, वाळवी लागते. रंग हवाच असेल तर तांबडी माती आणि चुना बास, चुना मात्र मोठ्यांनीच भिजवायचा, डोळ्यात उडाला तर भाजतं.

जागा रस्त्याची असेल तर पंचायतीला आधी अर्ज द्या. आणि करट्या उपड्या टांगा किंवा बुडाला भोक ठेवा, अवकाळी पाऊस पडला आणि पाणी साचलं तर डासांची पैदास व्हायची आणि मग आरोग्य खात्याची माणसं पहिली तुमच्याकडे येतील.