लॅपटॉपवर काही चालू नसतानाही सीपीयू आणि मेमरी ९० टक्क्यांवर, नवीन घेऊ का?

लगेच नवीन घेऊ नका. तुम्ही लिहिलंय ४ जीबी रॅम, साधी हार्ड डिस्क, क्रोम उघडलं की पंखा घरघरतो. देवगडात माझं झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्मचं दुकान आहे, असलेच दोन लॅपटॉप मी अजून रोज वापरतो.

आधी कंट्रोल शिफ्ट एस्केप दाबा, टास्क मॅनेजर उघडेल, त्यात सीपीयूच्या रकान्यावर क्लिक करा म्हणजे जास्त खाणारा वर येतो, मग तसंच मेमरीचं बघा. दोन्ही दुखणी वेगळी आहेत. आमच्याकडे आंब्याचं पॅकिंग पडवीत चालतं ना, तशी माणसं म्हणजे सीपीयू आणि पडवी म्हणजे रॅम, म्हणजेच मेमरी. पडवी भरलेली असली तर बिघडत नाही, पण मावेनासं झालं की पेट्या मागच्या गोठ्यात ठेवायच्या आणि लागेल तशी एकेक आणायची, त्या फेऱ्यांतच दिवस जातो. विंडोजचंही तेच, रॅम संपली की ते हार्ड डिस्कवर सामान टाकतं, डिस्क १०० टक्के दिसते आणि माउससुद्धा अडकतो. तुमचं मूळ दुखणं मला हेच वाटतंय.

म्हणून टास्क मॅनेजरच्याच स्टार्टअपच्या टॅबमध्ये जाऊन, लॅपटॉप चालू होताच आपोआप उघडणाऱ्यांतलं नको ते डिसेबल करा, क्रोममध्ये शिफ्ट एस्केप दाबून कुठला टॅब किंवा एक्स्टेन्शन किती खातंय ते बघा. रॅम क्लीनर म्हणून मिळतात ती सॉफ्टवेअरं अजिबात टाकू नका, ती स्वतःच बसून खातात. अँटीमालवेअर सर्व्हिस एक्झिक्युटेबल वर दिसलं तर तो विंडोजचा स्वतःचा अँटीव्हायरस आहे, स्कॅन होऊ द्या, बंद करू नका. आणि डिटेल्समध्ये सिस्टीम आयडल प्रोसेस ९५ दिसलं तर घाबरू नका, तो आकडा म्हणजे सीपीयू रिकामा बसलाय. आठवड्यातून एकदा तरी शटडाउन नाही, रीस्टार्ट करा, कारण फास्ट स्टार्टअप चालू असेल तर शटडाउनने विंडोज पुरतं नव्याने सुरू होत नाही.

आता पंख्याचं. आपल्या किनाऱ्यावर हे फार होतं आणि कोणी लक्षच देत नाही. माझा एक लॅपटॉप मे महिन्यात गोगलगाय झाला, गंमत म्हणजे टक्के काही फार दिसत नव्हते. परफॉर्मन्सच्या टॅबमध्ये बघितलं तर स्पीड ०.७९ गिगाहर्ट्झ, आणि बाजूला बेस स्पीड, म्हणजे त्याचा नेहमीचा वेग, २ च्या वर. म्हणजे तापल्यामुळे प्रोसेसरने, म्हणजे सीपीयूनेच, स्वतःचा वेग उतरवला होता. मागचं झाकण काढलं तर लाल मातीची धूळ खाऱ्या दमट हवेत भिजून जाळीवर अक्षरशः लिंपण बसलेलं, नखाने खरवडलं तेव्हा सुटलं. बॅटरीची वायर काढून, पंखा बोटाने धरून ब्रशने साफ केलं, प्रोसेसरची उष्णता बाहेर जायला लावतात ती थर्मल पेस्ट नवीन लावली, वेग परत आला. स्वतः उघडायची भीती वाटत असेल किंवा वॉरंटी असेल तर दुरुस्तीवाल्याकडे द्या, पण पावसाआधी एकदा कराच. गादीवर ठेवून वापरू नका, खालून हवा कोंडते.

एवढं करूनही मेमरी भरत असेल तर ८ जीबी करा आणि हार्ड डिस्क काढून एसएसडी, म्हणजे आत काही न फिरणारी वेगवान डिस्क, घाला, त्यातही पैसे एकाचेच असतील तर तुमच्या मशीनला मी आधी एसएसडी घालेन. रॅम घ्यायच्या आधी त्याच परफॉर्मन्सच्या टॅबमध्ये मेमरीवर क्लिक करून स्लॉट रिकामा आहे का बघा आणि तुमच्या रॅमचा प्रकार डीडीआर३ की डीडीआर४ ते दुकानात विचारून घ्या, एकाची दुसऱ्यात बसत नाही. काही मॉडेलांत रॅम बोर्डालाच चिकटवलेली असते, तिथे वाढवता येत नाही.

टास्क मॅनेजरमधली वरची तीन नावं कळवा, बघून सांगतो.