लिनक्सवरील मुक्तस्रोत ग्राफिक्स ड्रायव्हर आणि वेग : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

प्रश्न : माझ्याकडे एनव्हिडियाचे जीटीएक्स १०६० कार्ड आहे. विंडोजवर सुरळीत चालणारा गेम लिनक्सवर नूवो हा मुक्तस्रोत ड्रायव्हर वापरला की अडखळत चालतो. मुक्तस्रोत ड्रायव्हर मुळातच संथ असतात का?

उत्तर : नाही, आणि तुमच्या कार्डाच्या बाबतीत दोष नूवो लिहिणाऱ्यांच्या माथी मारणे अन्यायाचे होईल. संगणक सुरू होताना ग्राफिक्स कार्ड कमी क्लॉकवर, म्हणजे कमी गतीवर, चालू होते आणि काम वाढले की ड्रायव्हरने ते वरच्या क्लॉकवर न्यायचे असते. त्यासाठी व्होल्टेज, मेमरीचे टायमिंग आणि पंख्याचा वेग हेही सोबत बदलावे लागतात आणि हे काम कार्डावर चालणाऱ्या छोट्या प्रोग्राममार्फत, म्हणजे फर्मवेअरमार्फत, होते. जीटीएक्स ९०० मालिकेपासून एनव्हिडियाने असे बंधन घातले की, कंपनीची डिजिटल स्वाक्षरी असलेले फर्मवेअरच कार्ड स्वीकारते.

नूवो हा ड्रायव्हर बव्हंशी कार्डाचे वर्तन बाहेरून न्याहाळून लिहिला गेला आणि २०१० मध्ये लिनक्सच्या गाभ्याच्या, म्हणजे कर्नलच्या, २.६.३३ या आवृत्तीत दाखल झाला. चित्र काढण्यापुरते स्वाक्षरीयुक्त फर्मवेअर कंपनीने पुढे दिले, परंतु क्लॉकवर ताबा देणारे फर्मवेअर १०६० च्या पिढीसाठी दिले नाही. त्यामुळे तुमचे कार्ड सुरुवातीच्या क्लॉकवरच अडकून राहते आणि ड्रायव्हरमधील इतर सुधारणांनी त्यात मोठा फरक पडत नाही. त्याहून जुन्या, जीटीएक्स ६०० आणि ७०० मालिकांतील बहुतेक कार्डांचा क्लॉक मात्र नूवोमध्ये हाताने वाढवता येतो, कारण तेव्हा हे बंधन नव्हते.

मी मुक्तस्रोत ड्रायव्हरचा आग्रह धरणारा आहे, तरीही या कार्डासाठी कंपनीचा बंदिस्त ड्रायव्हर घ्या असेच सांगेन. त्यातही ५८० ही आवृत्त्यांची शाखा निवडा, कारण तुमच्या कार्डाच्या पिढीला आधार देणारी ती शेवटची शाखा आहे. लिनक्स मिंटमध्ये ‘ड्रायव्हर मॅनेजर’मधून ती बसवता येते. कंपनीच्या संकेतस्थळावरची फाइल उतरवून हाताने बसवू नका, कारण कर्नल अद्ययावत झाला की पडदा काळा पडण्याचा धोका त्याच मार्गात अधिक असतो.

प्रश्न : एनव्हिडियाने ड्रायव्हर खुला केला, असे २०२२ पासून ऐकतो. माझ्या आरटीएक्स ३०६० वर तो घेतला तर वेग घटेल का? ब्लेंडर या त्रिमितीय चित्रांच्या प्रोग्रामसाठी कूडा, म्हणजे कार्डाकडून आकडेमोड करून घेणारी एनव्हिडियाची प्रणाली, चालेल का?

उत्तर : वेग घटणार नाही आणि कूडाही चालेल, मात्र नेमके काय खुले झाले हे समजून घ्या. ड्रायव्हरचे दोन भाग असतात. कर्नलमधला भाग मेमरी वाटून देतो, कामे रांगेत लावतो आणि पडद्याची जोडणी सांभाळतो, तर कर्नलबाहेरचा भाग ओपनजीएल, व्हल्कन (चित्रे काढण्यासाठी कार्डाशी बोलण्याच्या ठरलेल्या पद्धती) किंवा कूडा वापरणाऱ्या प्रोग्रामच्या सूचना कार्डाच्या यंत्रभाषेत उतरवतो. गेममधला वेग मुख्यतः या दुसऱ्या भागातल्या शेडर कंपायलरवर, म्हणजे दृश्याचे रंग-प्रकाश ठरवणारे छोटे प्रोग्राम (शेडर) कार्डासाठी तयार करणाऱ्या भागावर, अवलंबून असतो. मे २०२२ मध्ये ५१५ या आवृत्तीसोबत खुला झाला तो पहिला भाग. दुसरा आजही बंदिस्तच आहे आणि दोन्ही पर्यायांत तोच वापरला जातो, म्हणून वेगात लक्षणीय फरक पडत नाही.

कंपनीला पहिला भाग खुला करणे जमले याचे एक कारण असे की, २०१८ च्या आरटीएक्स २० मालिकेपासून कार्डावर जीएसपी नावाचा स्वतंत्र छोटा प्रोसेसर आला आणि पूर्वी ड्रायव्हरमध्ये असलेले बरेचसे काम त्याच्या बंदिस्त फर्मवेअरमध्ये हलवता आले. २०२४ च्या ५६० आवृत्तीपासून नव्या कार्डांसाठी हाच खुला भाग आपोआप निवडला जातो, आणि आरटीएक्स ५० मालिका तर केवळ त्याच्यावरच चालते.

फर्मवेअर सोडून सर्व काही मुक्त हवे असेल, तर एनव्हीके या व्हल्कन ड्रायव्हरकडे पाहा. कोलाबोरा या कंपनीतील विकासकांनी २०२२ मध्ये त्याची घोषणा केली आणि आता तो मेसा या मुक्तस्रोत ग्राफिक्स ड्रायव्हरांच्या प्रकल्पाचा भाग आहे. जानेवारी २०२४ च्या कर्नल ६.७ पासून नूवोलाही जीएसपी फर्मवेअर वापरता येते, त्यामुळे पहिल्या प्रश्नातली क्लॉकची अडचण आरटीएक्स २० आणि त्यानंतरच्या कार्डांना उरलेली नाही. त्या सुरुवातीच्या आवृत्त्यांत तुमच्या पिढीसाठी ही सोय कर्नलला सूचना देऊन चालू करावी लागत असे. बऱ्याच गेममध्ये एनव्हीके अजून कंपनीच्या ड्रायव्हरच्या मागे आहे आणि त्यावर कूडा मिळत नाही. ब्लेंडर हेच तुमचे मुख्य काम असेल, तर सध्या एनव्हीके तुमच्यासाठी नाही.

प्रश्न : नवे रेडिऑन आरएक्स ९०७० घेतले आणि डेबियन १२ वर बसवले. पडदा दिसतो, पण साधी खिडकी सरकवली तरी प्रोसेसरचे सगळे कोअर धावतात. एएमडीच्या संकेतस्थळावरचा ड्रायव्हर घ्यावा का?

उत्तर : तो घेण्याची गरज नाही. सेटिंग्जमधील ‘अबाउट’ पानावर ग्राफिक्सच्या पुढे ‘एलएलव्हीएमपाइप’ असे नाव दिसते का, ते पाहा. दिसत असेल, तर कार्डाचा उपयोगच होत नसून सर्व चित्रे प्रोसेसर काढतो आहे. डेबियन १२ जून २०२३ मध्ये आले, त्यात कर्नल ६.१ आणि मेसा २२.३ आहेत, तर तुमचे कार्ड मार्च २०२५ मध्ये बाजारात आले. त्या जुन्या संचाला हे कार्ड ओळखताच येत नाही. डेबियन १३ वर जा, त्यात मेसा २५.० आहे. कर्नल आणि फर्मवेअर बॅकपोर्ट्स या डेबियनच्या नव्या आवृत्त्यांच्या भांडारातून घ्या. मेसा, कर्नल आणि फर्मवेअर यांपैकी एक जरी मागे राहिले, तरी कार्ड पुन्हा निष्क्रिय दिसू शकते.

एएमडीच्या बाबतीत मुक्तस्रोत ड्रायव्हर हाच मुख्य ड्रायव्हर आहे, हे मला विशेष आनंदाने सांगावेसे वाटते. कंपनीने २००७ मध्ये कार्डांची कागदपत्रे खुली करण्याचे धोरण स्वीकारले आणि २०१५ मध्ये एएमडीजीपीयू हा ड्रायव्हर कर्नल ४.२ मध्ये आला. कंपनीने आपला व्हल्कन ड्रायव्हर खुला करण्याचे आश्वासन दिले होते, पण तो येईपर्यंत न थांबता डेव्ह एअर्ली आणि बास न्यूवेनहाउझेन यांनी २०१६ मध्ये आरएडीव्ही हा मुक्तस्रोत व्हल्कन ड्रायव्हर लिहायला घेतला. कंपनीचा एएमडीव्हीएलके डिसेंबर २०१७ मध्ये खुला झाला, तोवर आरएडीव्हीने मूळ धरले होते. २०१९ मध्ये स्टीम हे गेमचे दुकान चालवणाऱ्या व्हॉल्व्ह कंपनीने एसीओ हा नवा शेडर कंपायलर पुढे आणला. आधी वापरात असलेल्या एलएलव्हीएमपेक्षा तो शेडर कितीतरी लवकर तयार करतो, त्यामुळे गेममध्ये नवे दृश्य आले की बसणारे झटके कमी झाले, आणि २०२० च्या मेसा २०.२ पासून आरएडीव्हीत तोच आपोआप वापरला जाऊ लागला. २०२२ मध्ये आलेला व्हॉल्व्हचा स्टीम डेक हा हातात धरायचा गेमसंगणकही आरएडीव्हीवरच चालतो. अखेर २०२५ मध्ये एएमडीने स्वतःचा एएमडीव्हीएलके बंद करून आरएडीव्हीलाच पाठिंबा दिला. बाहेरच्या विकासकांनी लिहिलेला ड्रायव्हर निर्मात्याने आपला म्हणून स्वीकारावा, याहून मोठी पावती मुक्तस्रोत पद्धतीला कोणती मिळणार?

प्रश्न : माझ्या लॅपटॉपमध्ये इंटेलचे अंगभूत ग्राफिक्स आहे. ड्रायव्हर बदलून वेग वाढेल का?

उत्तर : इंटेलचे लिनक्सवरील ड्रायव्हर आधीपासूनच मुक्तस्रोत असून वितरणासोबतच येतात, त्यामुळे बदलण्यासारखे फारसे काही नाही. रॅमची एकच पट्टी असेल, तर तिच्या जोडीची दुसरी बसवा. अंगभूत ग्राफिक्स मुख्य मेमरीच वापरते आणि दोन चॅनेल मिळाले की तिची बँडविड्थ दुप्पट होते.

प्रश्न : रेडिऑन कार्ड एचडीएमआयने टीव्हीला जोडले आहे. विंडोजवर ४के १२० हर्ट्झ मिळतात, लिनक्सवर का मिळत नाहीत?

उत्तर : पूर्ण रंगांसह ४के १२० हर्ट्झसाठी एचडीएमआय २.१ लागते. एएमडीने त्यासाठीचा मुक्तस्रोत कोड तयार करून एचडीएमआयचे नियम ठरवणाऱ्या एचडीएमआय फोरमपुढे ठेवला होता, परंतु फोरमने तो नाकारल्याचे फेब्रुवारी २०२४ मध्ये जाहीर झाले. हा अडसर तांत्रिक नाही, परवान्याचा आहे, आणि म्हणूनच तो अधिक खटकतो. मॉनिटर असता तर डिस्प्लेपोर्टची केबल पुरली असती. टीव्हीला बहुधा ते नसते, म्हणून डिस्प्लेपोर्टवरून एचडीएमआय २.१ देणारा ॲक्टिव्ह (स्वतः सिग्नल बदलून देणारा) अडॅप्टर वापरून पाहा, पण दुकानदाराकडून परतीची हमी घेऊनच.

प्रश्न : फेडोरावर रेडिऑन कार्ड असूनही चित्रपट पाहताना प्रोसेसर तापतो. असे का?

उत्तर : एच.२६४ आणि एच.२६५ या व्हिडिओ स्वरूपांवर पेटंटचे दावे असल्याने फेडोराने २०२२ पासून, म्हणजे ३७ व्या आवृत्तीपासून, आपल्या मेसामधून त्यांचे हार्डवेअर डीकोडिंग, म्हणजे व्हिडिओ उलगडण्याचे काम कार्डाकडून करून घेणे, वगळले आहे. कार्डात क्षमता आहे, पण ती वापरणारा कोड तुमच्या संगणकावर नाही. आरपीएम फ्यूजन हे भांडार जोडून त्यातील ‘फ्रीवर्ल्ड’ नावाचे मेसा पॅकेज मूळ पॅकेजच्या जागी बसवा. व्हीपी९ आणि एव्ही१ स्वरूपांतील व्हिडिओंना या बदलाची गरज नाही.