नेपल्समध्ये पिझ्झा आणि मासे दोन्ही चांगले मिळतील असं एकच हॉटेल कोणतं?

असं हॉटेल शोधूच नका. मुक्काम दोन दिवसांचा, सोबत आईवडील, म्हणून एकाच जेवणात दोन्ही बसवायचंय, हे समजलं. पण पिझ्झ्याची भट्टी आणि माशांचं स्वयंपाकघर हे तिथे दोन वेगळे धंदे आहेत. दोन्हींच्या फोटोंचे फलक लावलेली हॉटेलं किनाऱ्यावर ढिगाने आहेत आणि तिथे दोन्ही सुमार मिळतं. उलट १८७० पासून चालत आलेल्या दा मिकेले या पिझ्झ्याच्या दुकानाची यादी आजही बोटांवर मोजण्याइतकी आहे.

सीफूड पिझ्झा मागवून एका दगडात दोन पक्षीही मारू नका. भट्टी ४३० ते ४८० अंशांवर असते आणि पिझ्झा आत ६० ते ९० सेकंद राहतो. तेवढ्यात कच्च्या शिंपल्या उघडत नाहीत आणि म्हाकूल शिजत नाही. म्हणून ते आधी उकडून ठेवतात, भट्टीत दुसऱ्यांदा भाजलं जातं आणि रबर होतं. वर शिंपल्यांचं पाणी सुटून पीठ भिजतं. आणि मारिनारा नावाच्या पिझ्झ्यात, नाव खलाशांचं असलं तरी, मासा नसतो: टोमॅटो, लसूण, ओरेगानो, तेल, संपलं. चीजही नाही.

आता मुख्य मुद्दा, कारण तिथून परतलेले निम्मे लोक सांगतात की ‘पिझ्झा मधे कच्चा होता’. कच्चा नव्हता, ओला होता. नेपल्सच्या पिझ्झ्याचे नियम जपणारी संघटना १९८४ पासून आहे आणि तिचं प्रमाण उघड आहे: लिटरभर पाण्याला १.६ ते १.८ किलो मैदा, ४० ते ६० ग्रॅम मीठ, चिमूटभर यीस्ट. तेल नाही, साखर नाही. मधला भाग जेमतेम पाव सेंटिमीटर जाड, त्यामुळे दीड मिनिटात तो आरपार भाजून होतो. ओल येते ती वरून: न शिजवलेला कुस्करलेला टोमॅटो, मोझरेलाचं पाणी आणि तेल. आपल्याकडच्या साखळी दुकानांत पिझ्झा अडीचशे अंशांच्या आसपास पाच-सात मिनिटं सरकत्या पट्ट्यावर असतो. तेवढ्या वेळात पाणी उडतं, म्हणून तो कडक राहतो. तोच चांगला वाटत असेल तर हरकत नाही, पण मग नेपल्सच्या भट्टीवाल्याला नावं ठेवू नका.

खरंच कच्चा आहे का ते पाहायचं असेल तर काठ कापा. आत मोठी पोकळ भोकं दिसली की ठीक. पांढरा, चिकट, घट्ट पट्टा दिसला तर पीठ नीट फुगलेलं नव्हतं, बेलाशक परत पाठवा. कड उचलून बुडावरचे काळे ठिपके बघा. सगळा तळ फिकट असेल तर भट्टीची फरशी गार पडली होती. ओल नकोच असेल तर म्हशीच्या दुधाच्या मोझरेलाऐवजी गायीचं ‘फियोर दी लात्ते’ मागा, कारण म्हशीच्या चीजला पाणी जास्त सुटतं. शिवाय ‘बेन कोत्ता’ सांगा, जरा जास्त भाजून देतात. आणि पार्सल अजिबात नको. खोक्यात वाफ कोंडते आणि गरम घावन डब्यात भरावं तशी गत होते.

कुठे? त्रिबुनाली रस्त्यावरचं दी मात्तेओ, हातात चौघडी करून खायचा छोटा पिझ्झा तिथे घ्या. बसून खायचं तर मातेरदेईतलं स्तारिता: तिथला मोंतानारा आधी तळतात, मग भट्टीत घालतात. दा मिकेलेला दारात नंबर घ्यावा लागतो. आईवडिलांना उभं करायचं नसेल तर उघडता उघडता जा. जेवणाच्या वेळी गेलात तर रांग ठरलेली.

मासे दुपारी खा. नावा पहाटे येतात आणि पोर्ता नोलाना, पिन्यासेक्का हे बाजार सकाळचेच. मोंतेसांतो स्टेशनजवळ पिन्यासेक्कात मासळीच्या दुकानातच तळून देणारे आहेत. क्वोप्पो म्हणजे कागदाच्या कोनात तळलेली म्हाकूल, कोळंबी आणि अलीची, जी आपल्या मांदेलीच्या कुळातलीच. काचेमागे आधी तळून ठेवलेला ढीग दिसला तर पुढे चला, समोर तळतात तिथेच घ्या.

बसून खायला वोंगोले घातलेली स्पगेटी, म्हणजे आपल्या तिसऱ्याच. शिंपा ताटात दिसल्या पाहिजेत. नुसते गोळे आले तर माल गोठवलेला. वर चीज मागू नका. इम्पेपाता म्हणजे शिनाणे आणि मिरपूड, बाकी काही नाही. आपल्याकडे पावसाळ्यात शिंपल्या टाळतात, तिथे त्या मे ते सप्टेंबरमध्येच भरलेल्या असतात. न उघडलेली शिंपली सोडून द्या. कच्च्या तर कुणी कितीही आग्रह केला तरी नकोत: १९७३ मध्ये शहरात कॉलरा आला तेव्हा बोट शिंपल्यांकडेच दाखवलं गेलं होतं. लिंबात मुरवलेली अलीची खायची तर आधी गोठवली होती का ते विचारा. आंबटाने आतला परजीवी मरत नाही, उणे २० अंशांवर २४ तासांनी मरतो.

यादीत पदार्थाशेजारी चांदणी असली तर माल गोठवलेला. अख्ख्या माशाचा भाव ‘एत्तो’चा, म्हणजे १०० ग्रॅमचा असतो. सहा युरो वाचून खूश होऊ नका, ६०० ग्रॅमचा मासा ३६ युरोंना पडेल. आधी वजन करून घ्या. ‘कोपेर्तो’, म्हणजे टेबलावर बसण्याचा आकार, माणशी वेगळा लागतो, ती फसवणूक नव्हे. सोमवारी मासे टाळा, रविवारी बहुतेक नावा जात नाहीत. मसाला नाही म्हणून मासा फिका लागला तर लिंबू मागा, पण चटणीची डबी बाहेर काढू नका.

तळलेल्या पिझ्झ्यात, पित्सा फ्रित्तात, बहुधा चीकोली म्हणजे डुकराचं मांस असतं. आईवडील खात नसतील तर मागवतानाच सांगा. जैन जेवण हवं असेल तर मारिनारा लसणामुळे बाद, मार्गेरिता विचारून घ्या.

वेळ उरला तर नेपल्सशेजारच्या पोत्सुओली गावाच्या बंदरावर जा, शहरापेक्षा मासे तिथे बरे. मात्र त्या भागात जमीन वर येतेय, भूकंपाचे धक्के बसले की गाड्या थांबवतात. निघण्याआधी त्या दिवशीची रेल्वे पाहून घ्या.