फुटबॉल स्कॉलरशिप, पण कोणत्या फुटबॉलची?

प्रश्न: माझा मुलगा अकरावी सायन्सला आहे. कोल्हापुरात एका तालमीच्या संघाकडून मधल्या फळीत खेळतो. सुब्रोतो चषकात शाळेकडून राज्य फेरीपर्यंत गेला होता. त्याच्या खोलीत अमेरिकेतल्या मिशिगन विद्यापीठाच्या स्टेडियमचा मोठा फोटो आहे, त्यात मँचेस्टर युनायटेड आणि रिअल माद्रिद खेळतायत. "ज्यांचं ग्राउंड एवढं, त्यांची टीम केवढी असेल," असं तो म्हणतो. एका एजंटाने मिशिगनची फुटबॉल स्कॉलरशिप मिळवून देतो म्हणून सांगितलंय. आत्ता दोन लाख, आणि स्कॉलरशिप झाली की तिचे दहा टक्के. पन्हाळ्याकडची थोडी जमीन विकायची तयारी आहे, पण मन धजत नाही. काय करावं? (धाकटी नववीत आहे, तीही खेळते. तिचं पुढे बघू.)
– एक पालक, कोल्हापूर

नमस्कार,

जमीन विकू नका. बाकीचं सावकाश बोलू.

आधी त्या फोटोचं. फोटो खरा आहे. २ ऑगस्ट २०१४ला युनायटेड आणि रिअल माद्रिद मिशिगन स्टेडियमवर खेळले, १,०९,३१८ माणसं बघायला आली आणि आपल्या फुटबॉलच्या अमेरिकेतल्या सामन्यासाठी तो गर्दीचा विक्रम ठरला. युनायटेडने ३-१ असा जिंकलाही. पण ते दोघंही पाहुणे होते, हंगामाआधीचा सराव म्हणून आलेले. त्या मैदानाचा घरचा संघ तुमच्या मुलाचा खेळ खेळतच नाही. तो खेळतो अमेरिकन फुटबॉल: डोक्यावर हेल्मेट, खांद्यावर पॅड, हातात लांबट चेंडू, आणि पुढच्या रांगेत सव्वाशे-दीडशे किलोची पोरं. अमेरिकेत फुटबॉल म्हणजे हे. आपल्या फुटबॉलला ते सॉकर म्हणतात. तेव्हा 'मिशिगनची फुटबॉल स्कॉलरशिप' हे शब्द तुमच्या मुलाच्या बाबतीत मुळातच चुकीचे आहेत. एजंटाला हे ठाऊक नसेल तर तो अडाणी, आणि ठाऊक असेल तर काय, ते तुम्हीच ठरवा.

तरी मुलाला हसू नका. त्या मैदानाने भल्याभल्यांना वेड लावलंय. ते जिथे आहे ते अॅन आर्बर हे गाव जेमतेम सव्वा लाख वस्तीचं. १९२७ साली बांधलेल्या स्टेडियमची क्षमता १,०७,६०१. म्हणजे शनिवारी सामना असला की जवळपास आख्खं गाव मावेल एवढी माणसं एका वाडग्यात बसतात. नोव्हेंबर १९७५पासून घरच्या प्रत्येक सामन्याला लाखाहून जास्त प्रेक्षक आलेत, अपवाद फक्त कोविडच्या २०२० सालाचा. विद्यापीठाचा पहिला फुटबॉल सामना १८७९चा. शेजारच्या राज्यातल्या ओहायो स्टेट विद्यापीठाशी त्यांचं वैर १८९७पासूनचं. आपल्याकडे पाटाकडील आणि शिवाजी तरुण मंडळ हे संघ समोरासमोर आले की पेठांत काय होतं ते आठवा, आणि त्याला दोन राज्यांएवढं मोठं करा. जानेवारी २०२४मध्ये वॉशिंग्टन विद्यापीठाला ३४-१३ हरवून ते राष्ट्रीय विजेते झाले. आणि हे सगळे खेळाडू कॉलेजात जाणारे विद्यार्थी. आपल्याकडे आंतरविद्यापीठ स्पर्धेच्या अंतिम सामन्याला खेळाडूंचे मित्र आणि दोन शिक्षक असतात, त्यामुळे हे आपल्या डोक्यात बसायला वेळ लागतो.

आता या घराचा कारभार समजून घ्या, कारण तुमच्या प्रश्नाचं उत्तर तिथेच आहे.

मिशिगनच्या क्रीडा विभागात जवळपास तीस संघ आहेत: पोहणं, कुस्ती, रोइंग, जिम्नॅस्टिक्स, हॉकी, सॉकर वगैरे. हे एकत्र कुटुंब आहे असं धरा. कमावता भाऊ एकच, फुटबॉल. पुरुषांचं बास्केटबॉल थोडा हातभार लावतं. तिकिटं, टीव्हीचे हक्क, देणगीदार, टोप्या-टीशर्ट, सगळं मुख्यतः त्या एका भावाच्या जोरावर येतं. बाकीची भावंडं त्याच्या ताटातलं खातात. आणि कोणत्याही घरात होतं तसं, शब्दही त्याचाच चालतो. पुरुषांचा सॉकर संघ या घरात तसा नवखा. २०००मध्ये त्याला अधिकृत संघाचा दर्जा मिळाला. त्याचं मैदान वेगळं, साधारण दोन हजार प्रेक्षकांचं. शाहू स्टेडियमवर अंतिम सामन्याला याच्या कितीतरी पट गर्दी तुम्ही पाहिली असेल. मुलाला हे जरूर सांगा. फोटोत दिसतं ते मैदान त्याला मिळणार नाही, ते प्रेक्षकांत बसून बघायला मिळेल.

स्कॉलरशिपचा हिशेबही तसाच. कालपरवापर्यंत फुटबॉलला ८५ पूर्ण शिष्यवृत्त्या होत्या. पुरुषांच्या सॉकरला ९.९. आकडा वाचायला चुकला नाहीत. दहालाही थोड्या कमीच, आणि त्या पंचवीस-तीस मुलांत वाटायच्या. कुणाला निम्मी, कुणाला पाव, कुणाला नुसती पुस्तकं. काहीही न मिळता, स्वतःच्या पैशाने शिकत संघात खेळणारे असतात, त्यांना तिथे 'वॉक-ऑन' म्हणतात.

२०२५मध्ये चित्र बदललं. कॉलेजच्या खेळावर नियंत्रण ठेवणाऱ्या एनसीएए या संस्थेविरुद्ध खेळाडूंनी खटला लढवला, जूनमध्ये न्यायालयाने तडजोड मंजूर केली, आणि त्या जुलैपासून विद्यापीठांना उत्पन्नातला वाटा थेट खेळाडूंना द्यायची मुभा मिळाली. पहिल्या वर्षी एका विद्यापीठाला कमाल मर्यादा सुमारे २ कोटी ५ लाख डॉलरची. या व्यवस्थेत आलेल्या विद्यापीठांवरची शिष्यवृत्त्यांची मर्यादा गेली, तिच्या जागी संघातल्या संख्येची आली: फुटबॉल १०५, पुरुष सॉकर २८. कागदावर आता अठ्ठावीसच्या अठ्ठावीस मुलांना पूर्ण शिष्यवृत्ती देता येते. एजंट तुम्हाला हा कागद दाखवेल. पण देता येते आणि देतात यात अंतर आहे. कमावत्या भावाने आता पगार मागितलाय, त्यामुळे भावंडांच्या ताटात जास्त पडेल अशी आशा मला तरी वाटत नाही. शिवाय विद्यार्थी व्हिसावरच्या परदेशी मुलाला हा वाटा घेणं किंवा तिथे जाहिरातींतून कमावणं नियमांत अवघड आहे. तेव्हा त्या पैशाचा विचार डोक्यातून काढाच.

आणि मिशिगनचा खर्च? बाहेरच्या विद्यार्थ्याला राहण्या-जेवणासकट वर्षाला ८० हजार डॉलरच्या आसपास. रुपयांत सत्तर लाखांच्या घरात, चार वर्षं. अर्धी शिष्यवृत्ती मिळाली तरी उरलेली अर्धी कोणत्या जमिनीतून येणार?

एजंटाच्या दहा टक्क्यांबद्दल मात्र नीट ऐका. ठरावीक फी घेऊन खेळाडूची माहिती प्रशिक्षकांपर्यंत पोहोचवणाऱ्या सेवा असतात आणि त्या नियमांत बसतात. पण 'शिष्यवृत्ती झाली तर इतके टक्के' असा सौदा एनसीएएच्या नियमांत बसत नाही. त्यामुळे मुलाची खेळण्याची पात्रताच अडचणीत येऊ शकते. म्हणजे पैसे देऊन तुम्ही त्याची वाट बंद कराल. शिष्यवृत्ती देण्याचा अधिकार विद्यापीठाचा, निवड प्रशिक्षकाची, आणि ती लेखी येते. तिसरं कुणी हमी देत असेल तर दाराबाहेर चहा पाजून निरोप द्या.

मग करायचं काय? मुलगा खरंच चांगला असेल (तसं वाटतं, पण मी त्याला खेळताना पाहिलेलं नाही) तर दार पूर्ण बंद नाही. अमेरिकेत परदेशी मुलं सॉकर संघांत मोठ्या संख्येने खेळतात. फक्त मिशिगन हे एकच नाव सोडायला हवं. मिशिगन ज्यात खेळतं त्या एनसीएएच्या सर्वात वरच्या डिव्हिजन वनच्या खाली डिव्हिजन टू आहे, तिथे अर्धवट का होईना शिष्यवृत्त्या मिळतात. एनएआयए नावाची छोट्या कॉलेजांची वेगळी संघटना आहे, तीही देते. डिव्हिजन थ्री खेळासाठी एक पैसाही देत नाही, पण तिथली कित्येक कॉलेजं अभ्यासावर आणि घरच्या परिस्थितीवर चांगली मदत करतात, आणि प्रशिक्षकाला मुलगा आवडला तर प्रवेशासाठी शब्द टाकतो. ज्याचे मार्क बरे आहेत अशा कोल्हापूरच्या मुलासाठी मला हा रस्ता जास्त भरवशाचा वाटतो.

डिव्हिजन वन किंवा टूसाठी एनसीएएच्या पात्रता केंद्रात नोंदणी लागते. ती नववीपासूनचे सोळा मुख्य विषय मोजते. डिव्हिजन वनसाठी किमान सरासरी चारपैकी २.३. एनसीएएने एसएटी या प्रवेश परीक्षेची अट २०२३मध्ये काढली, विद्यापीठाची स्वतःची अट मात्र असू शकते, आणि इंग्रजीची परीक्षा आहेच. नववीची गुणपत्रिका शोधून ठेवा. दहावी-बारावीची सगळे जपतात, नववीची कुठल्या तरी ट्रंकेत असते. दुसरं, तालमीकडून किंवा स्पर्धेत बक्षीस म्हणून, मानधन म्हणून जे काही मिळालं असेल त्याची नोंद ठेवा, कारण हौशी खेळाडू म्हणून ते विचारतात. आणि बारावीनंतर 'एक-दोन वर्षं तालमीकडून खेळू, मग जाऊ' असं करू नका. शाळा संपल्यावर स्पर्धांमध्ये खेळण्यात गेलेली वर्षं तिथल्या खेळण्याच्या वर्षांतून वजा होऊ शकतात.

व्हिडिओ हवा. तीन-चार मिनिटांचा, सुरुवातीलाच मुलाचा जर्सी क्रमांक आणि तो कुठे आहे ते दाखवणारा. नुसते गोल आणि ढोल-ताशे नकोत. मधल्या फळीतला मुलगा चेंडू नसताना कुठे धावतो, हे प्रशिक्षक बघतो. म्हणून एक संपूर्ण सामनाही काटछाट न करता तयार ठेवा. मग मुलाने स्वतः, त्याच्या इंग्रजीत, तीसेक प्रशिक्षकांना ईमेल पाठवायचे. तुम्ही नाही, एजंटही नाही. त्यांचे पत्ते प्रत्येक कॉलेजच्या क्रीडा विभागाच्या संकेतस्थळावर उघडे असतात. दहावी संपलेल्या मुलाशी प्रशिक्षक बोलू शकतात, तेव्हा वेळ गेलेली नाही. त्यातून पाच उत्तरं आली तरी त्याची पातळी कळेल, आणि एकही नाही आलं तरी कळेल. या चाचणीला दोन लाख लागत नाहीत.

इथलं बोट मात्र सोडू नका. राज्य पातळीपर्यंत खेळलेल्या मुलाला बोर्डाचे क्रीडा गुण आहेत, पुढे कामगिरी असेल तर राज्याच्या नोकऱ्यांत खेळाडूंसाठी पाच टक्के जागा आहेत, आणि तुमच्याच गावचा अनिकेत जाधव २०१७च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळला, हे तुम्हाला मी सांगायला नको.

आता कंसातलं. धाकटी तुम्ही कंसात ठेवलीत आणि माझा डोळा तिथेच अडकला.

टेक्सास आणि अलाबामा ही दोन विद्यापीठं अमेरिकन फुटबॉलची पंढरी. दोन्हीकडे पुरुषांचा अधिकृत सॉकर संघच नाही. मुलींचा आहे. याचं कारण तो कमावता भाऊच. १९७२च्या 'टायटल नाइन' कायद्याने सरकारी पैसा घेणाऱ्या शिक्षणसंस्थांना मुला-मुलींत भेद करायला बंदी घातली, आणि तो खेळालाही लागू झाला. आता फुटबॉल एकटा शंभरावर मुलगे घेऊन बसतो आणि मुलींचा तसा खेळ नाही. तराजू सरळ करायचा तर मुलींचे संघ वाढवायचे, किंवा मुलांचे छोटे संघ कमी करायचे. बऱ्याच ठिकाणी दोन्ही झालं. डिव्हिजन वनमध्ये पुरुषांचे सॉकर संघ दोनशेच्या आसपास, मुलींचे साडेतीनशेच्या. जुन्या नियमात मुलांना ९.९ शिष्यवृत्त्या होत्या, तेव्हा मुलींना १४ होत्या. ज्या मैदानाच्या सावलीत तुमच्या मुलाची जागा आखडते, त्याच मैदानामुळे मुलीची रुंदावते.

स्पर्धा तिकडेही आहे. अमेरिकन मुली हा खेळ पाचव्या-सहाव्या वर्षापासून खेळतात आणि जगातल्या अव्वल खेळाडूंत मोडतात. फुगे फुगवत नाही मी. पण मुलाचे सोळा विषय अर्धे होऊन गेलेत आणि तिचा हिशेब यंदाच्या नववीपासून सुरू होतोय. ती कोणत्या जागेवर खेळते, रोज सरावाला मैदान मिळतं का, आणि तिच्या वयाच्या मुलींचा संघ आहे की मुलांबरोबर खेळते, यातलं काहीच पत्रात नाही. तेवढं कळवा. आणि यावेळी पत्र तिलाच लिहू द्या.