माकडहाडावरची लाली

प्रश्न : मी कसबा बावड्याची. वृद्धाश्रमात नर्सिंग असिस्टंट म्हणून नवीनच लागले. अर्धांगवायू झालेल्या आजोबांच्या माकडहाडावर लाली दिसते. मी तेल चोळलं तर सिस्टर रागावल्या. का?

उत्तर : सिस्टरांचं बरोबर आहे, पोरी. लालीवर बोट दाबून बघ. ती पांढरी न होता तशीच राहिली, तर बेडसोरची, म्हणजे एकाच जागी दाब पडून होणाऱ्या जखमेची, सुरुवात समज. तिथं चोळलं की आतलं मांस आणखी दुखावतं. सिस्टरांना लगेच सांग, वहीत वेळ लिही. साधारण दर 2 तासांनी कूस बदल, हवेची गादी असली तरी! पोटऱ्यांखाली उशी दे, टाचा अधांतरी राहू देत. वर सरकवताना ओढू नकोस. दोघींनी आडव्या चादरीनं उचला. बुडाखाली ठेवायची रबरी रिंग मात्र नको, तिच्या कडांनी दाब वाढतो. नातेवाईक हमखास तीच आणतात.

आणि आजोबा कोल्हापूरचे, तांबडा रस्सा मागणारच. पण अर्धांगवायूत गिळायला त्रास असेल तर पातळ पदार्थच घशात दगा देतो. ठसका लागत असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नकोस. भरवताना ताठ बसव, जेवणानंतर अर्धा तास तसंच बसू दे.