उप्सालाच्या स्वयंपाकघरात कुणी बोलत नाही

(पत्र थोडक्यात: ताई, ऑगस्टमध्ये सांगलीहून स्वीडनला, उप्सालाला एमएससीसाठी आले. पहिल्याच विषयात नापास झाले. सेमिनारमध्ये माझ्या तोंडून शब्द फुटत नाही. वसतिगृहाच्या सामायिक स्वयंपाकघरात कॉरिडॉरमधली मुलं 'हेय' म्हणून निघून जातात. डिसेंबरात तीनच्या आत अंधार. बाबांनी कर्ज काढलंय, त्यांना निकाल सांगितलेला नाही. परत येऊ का?)

बाळा,

आधी निकालाचं बोलू, झोप त्यानेच उडवली असणार. तिथे बहुतेक वेळा एकाच विषयाचा अभ्यास चालतो, पाच आठवड्यांत तो संपतो आणि परीक्षा येऊन ठेपते. शेवटच्या महिन्यात जागून अभ्यास करायची आपली सवय तिथे उपयोगी पडत नाही. त्या 'यू'ने, नापासाच्या शेऱ्याने, खचू नकोस. फेरपरीक्षेला, त्यांच्या 'ओमटेंटा'ला, स्वीडिश मुलंही सर्रास बसतात. तारीख आजच बघ आणि नाव नोंदव.

सेमिनारचं मात्र मनावर घे. तू लिहितेस, 'प्रोफेसरांना नावाने हाक मारायची, वर त्यांचं म्हणणं खोडायचं, जीभच रेटत नाही.' समजतं गं. पण १९६०च्या दशकाच्या अखेरीस त्या देशाने अहो-जाहो जवळजवळ सोडूनच दिलं. तिथे सगळ्यांना 'दू', म्हणजे तू. आपल्याकडे गप्प बसण्यात मान असतो. तिथे गप्प बसलेल्या मुलीने लेख वाचलाच नाही, असा समज होऊ शकतो. आदल्या रात्री लेखाच्या समासात एक प्रश्न लिही, 'हे मला पटलं नाही, कारण...' एवढाच. पहिल्या दहा मिनिटांत विचारून टाक. जितकं थांबशील तितकी धडधड वाढेल.

आता ते स्वयंपाकघर. तू डाळभात गरम करतेस, ताट घेऊन खोलीत जातेस, दार लावतेस. ती मुलं काय समजत असतील? हिला एकटं राहायचंय, तर राहू द्यावं. दुसऱ्याच्या एकांतात न शिरणं ही त्यांची सभ्यता, आणि तू तिलाच तुटकपणा समजून रडतेस. पहिलं पाऊल तुलाच टाकावं लागेल. त्यांच्या 'फिका'ला, म्हणजे कॉफी-गप्पांना, बोलावणारी चिठ्ठी फ्रीजवर लाव: 'रविवारी तीन वाजता फिका, मी शिरा करतेय.' वेलची सढळ हाताने घाल. त्यांच्या बनमध्येही ती भरपूर असते, वास ओळखीचा वाटेल. दोघं आले तरी पुष्कळ.

उप्सालात विद्यार्थ्यांची १३ 'नेशन्स', म्हणजे विद्यार्थी मंडळं, आहेत, पूर्वी प्रांतावार असलेली, आता सगळ्यांना खुली. एखादीच्या कॅफेत आठवड्यातून एकदा काम धर. भांडी घासता घासता ओळखी होतात, स्वीडिशही कानावर पडतं. आणि दुपारी, आभाळ भरलेलं असलं तरी, अर्धा तास बाहेर चाल. झोप आणि भूक दोन्ही गेली असतील तर मात्र विद्यापीठाच्या विद्यार्थी आरोग्य केंद्रात लगेच वेळ घे. त्यात लाजण्यासारखं काही नाही.

परत यायचा निर्णय या अंधारात घेऊ नकोस. ३० एप्रिलला, वालबोर्ग या वसंताच्या सणाला, मुलं घरी बांधलेले तराफे फीरिस नदीत सोडतात, सगळं गाव काठावर लोटतं. तो दिवस बघ. तेव्हाही यावंसं वाटलं तर खुशाल ये, मी अडवणार नाही.

बाबांना मात्र आजच सांग. रोज 'सगळं छान आहे' म्हणताना तुझा आवाज बदललेला त्यांना कळत असणारच. तुझे साडेतीन वाजतील तेव्हा सांगलीत रात्रीचे आठ झालेले असतील. जेवायला बसण्याआधी फोन कर. आधी निकाल सांग, मग लगेच फेरपरीक्षेची तारीख.

तुझी,
ताई