‘शांतता चळवळ’ की ‘शांती चळवळ’?

अमळनेरच्या एका शिक्षिकेने विचारले आहे: पहिल्या महायुद्धात स्त्रियांनी जे काम केले त्याला ‘शांतता चळवळ’ म्हणावे की ‘शांती चळवळ’? ‘शांतता’ म्हटले की वर्गातली मुले हाताची घडी घालून तोंडावर बोट ठेवतात, ही त्यांची अडचण.

‘शांतता चळवळ’च म्हणावे. दोन्ही शब्द ‘शम्’ धातूचेच, पण मराठीत ‘शांती’ मनाची, नाहीतर वास्तूची आणि ग्रहांची. माणसामाणसांत, देशादेशांत नांदते ती ‘शांतता’. गणपती-ईदच्या आधी जळगाव-धुळ्याच्या पोलीस ठाण्यांत ‘शांतता समिती’ बसते. तिथे गप्प राहायला कुणी जात नाही, बोलायलाच जातात. ‘शांती पुरस्कार’ हे हिंदी वळण, आपला ‘शांतता पुरस्कार’. समासात मात्र ‘शांति’ रुळला आहे, तोही ऱ्हस्व: शांतिसेना, शांतिदूत.

आणि त्या स्त्रिया गप्प तर मुळीच नव्हत्या. एप्रिल १९१५ अखेरीस, युद्ध पेटलेले असताना, बारा देशांतल्या अकराशेहून अधिक जणी तटस्थ नेदरलँड्समध्ये हेगला जमल्या. पुढाकार डच डॉक्टर अलेटा जेकब्स यांचा, अध्यक्ष अमेरिकेच्या जेन ॲडम्स. ब्रिटनमधून १८० जणी यायच्या होत्या. उत्तर समुद्रातली वाहतूक बंद झाली आणि तिघीच हजर राहू शकल्या. परिषदेनंतर त्यांची शिष्टमंडळे लढणाऱ्या आणि तटस्थ, दोन्ही प्रकारच्या देशांच्या राजधान्यांत गेली. मागणी एकच: तटस्थ देशांनी आत्ताच मध्यस्थी सुरू करावी, लढाई थांबण्याची वाट पाहू नये.

काही जण ‘युद्धविरोधी चळवळ’ सुचवतात. मला तो शब्द तोकडा वाटतो. या परिषदेत भाग घ्यायचा तर दोन गोष्टी मान्य असाव्या लागत: देशांमधले तंटे शांततेच्या मार्गाने सुटावेत, आणि स्त्रियांना मताचा हक्क मिळावा. ‘युद्ध नको’ म्हणण्यापलीकडे त्यांना बरेच काही हवे होते.

‘तहासाठी चळवळ’ तर नकोच. मे १९१९ मध्ये याच स्त्रिया झुरिकला पुन्हा भेटल्या आणि व्हर्सायच्या तहाच्या अटींवर त्यांनी कडक टीका केली. या अटींतून नवी वैरे आणि पुढची युद्धे जन्मतील, असे ठरावात बजावले. तह झाला, तरी त्यांच्या लेखी शांतता आली नव्हती. या स्त्रियांच्या संघटनेचे नावही झुरिकलाच ठरले. धड्यात ते असे द्यावे: ‘शांतता व स्वातंत्र्यासाठी महिलांचा आंतरराष्ट्रीय संघ’.